फौजीचा नंबर

पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर आमची वाडी आहे. मी मूळची उंब्रजची, हायवेच्या कडेला वाढलेली. ट्रकचे हॉर्न ऐकत अभ्यास केला, कराडला जाऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन अशा गावात आले, जिथं फोन लावायचा तर खिंडीपर्यंत चढून जावं लागतं. खिंडीत एक मोठा धोंडा आहे. त्याच्यावर उभं राहिलं की कधी एक काडी रेंज येते, कधी तीही येत नाही. वाडीतल्या प्रत्येक बाईनं त्या धोंड्यावर उभं राहून नवऱ्याशी भांडण केलेलं आहे, कारण वाडीतले निम्मे पुरुष फौजेत आणि उरलेले सांगली-पुण्याला नोकरीत. माझे यजमान दोन्ही करून बसलेत. आधी फौज, आणि रिटायर झाल्यावर सांगलीत हळदीच्या गोदामावर वॉचमन. भांडण पुरं होण्याआधीच फोन कट व्हायचा, त्यामुळं आमच्या वाडीत भांडणं फार दिवस चालतात.

काही वर्षांपूर्वी बँकेची माणसं आमच्या बचत गटात आली आणि विचारायला लागली, गावात बँकेचं काम बघेल अशी शिकलेली बाई आहे का. शिकलेली म्हणजे मीच. मला त्यांनी बँक सखी केलं. अंगठा टेकवायचं एक मशीन दिलं आणि माझ्या घराच्या पत्र्यावर एक पांढरी छत्री बसवली, डिशटीव्हीची असते तशी पण मोठी. बसवणारा म्हणाला, हिला टॉवर लागत नाही, ही थेट वरच्या उपग्रहाशी बोलते. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणते, त्या कमरेवर हात ठेवून वर बघत होत्या. त्यांनी विचारलं, ही पावसात भिजली तर चालेल का. छत्री भिजेल म्हणून काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यावरून मी त्यांना वर्षभर चिडवलं.

पण छत्रीनं काम केलं, हे मी आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी तिच्यावर उठले आहे. त्याआधी म्हाताऱ्या बायकांना स्वतःचे पैसे काढायला सकाळच्या एसटीनं पाटणला उतरावं लागायचं. तिथं रांगेत उभं राहायचं, नंबर आला की साहेब म्हणायचे लिंक गेलीय, की परत संध्याकाळच्या एसटीनं वर. आता त्या माझ्या ओसरीवर येतात, पदरानं अंगठा पुसतात, मशीनवर टेकवतात आणि नोटा घेऊन जातात. एक म्हातारी तर दर आठवड्याला नुसतंच बघायला यायची, पैसे आहेत तिथं आहेत का. आहेत म्हटलं की चहा पिऊन घरी. त्या दिवसांत मला माझाच फार अभिमान वाटायचा. मशीनचं झाकण मी देवघरातल्या समईसारखं पुसायची.

आता नंबरचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

खातं म्हटलं की बँक मोबाइल नंबर मागते. नंबर असा पाहिजे, ज्याला रेंज आहे, जो कायम चालू असतो आणि ज्याचं रिचार्ज संपत नाही. आमच्या वाडीत असा नंबर कुणाचाच नव्हता. छत्रीतून इंटरनेट येतं, व्हॉट्सॲप येतं, पण बँकेचा मेसेज टॉवरवरूनच येतो, आणि टॉवर आमच्याकडं बघत नाही. मग बायका एकमेकींकडं बघायच्या आणि म्हणायच्या, फौजीचा द्या. फौजी म्हणजे आक्कांचा मुलगा, माझा पुतण्या. थोरले भाऊजी नोकरीत असतानाच गेले, त्यानंतर चार-पाच वर्षांत हा भरती झाला. तेव्हा तो कुठल्याशा मोठ्या छावणीत होता, रेंज भरपूर, फोन कायम हातात. आणि खरं सांगायचं तर नुसती रेंज हे कारण नव्हतं. फौजीचा नंबर दिला की बायकांना बरं वाटायचं. कागदावर घरातल्या कर्त्या माणसाचं नाव लिहितात तसं.

असं करत करत अख्ख्या भावकीचा नंबर एकच झाला. आक्कांचं पेन्शनचं खातं, चुलत सासूबाईंचं खातं, माझं घरचं खातं, गॅसच्या टाक्या, रेशन, लाइटबिल, डेअरीचं दूध, सगळ्याला फौजी. ओटीपी आला की तो तिकडून व्हॉट्सॲपवर मला आकडे पाठवायचा, ते छत्रीतून माझ्या फोनवर यायचे आणि मी इकडं मशीनवर टाकायची. माझ्या डोक्यावर भिंतीला बँकेनं दिलेला कागद चिकटवलेला होता, ओटीपी कुणालाही सांगू नका. त्या कागदाखाली बसून मी हे सगळं केलं आहे. कुणाच्या घरी गॅसची टाकी कधी येणार हे त्याला आमच्या आधी कळायचं. मेसेज यायचा, "काकी, शेवटच्या घराची टाकी निघालीय, चुलीवरची भाकरी आजच खाऊन घ्या म्हनावं." आम्ही हसायचो. लांब राहूनही पोरगं घरातच आहे असं वाटायचं. आक्कांना तर त्यातच समाधान होतं.

मग त्याची बदली वर झाली. वर म्हणजे बर्फात, सीमेवरच्या पोस्टवर. जाताना त्यानं फोन केला, पोस्टवर फोन नेता येत नाही, खाली पेटीत ठेवावा लागतो, खाली उतरलो की बघत जाईन. आम्ही बरं म्हणालो. नंबर बदलायचा तर प्रत्येकीनं पाटणला जाऊन फॉर्म भरायचा, आणि बदलून द्यायचा कुणाचा, हा प्रश्न होताच. सांगलीतल्या ह्यांच्या नंबरचं तेव्हा एकीलाही सुचलं नाही. अंगठ्यावर रोजच्या खर्चापुरते पैसे निघत होते. दिवाळीत रजेवर आला की सगळं एकदम करून टाकू असं ठरलं. आम्हा सगळ्यांना ते शहाणपणाचंच वाटलं.

फौजीची बहीण, म्हणजे माझी पुतणी, बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. भाऊजी आजारी असताना फौजेच्या दवाखान्यात एक नर्स होती, सातारकडची. ती येता-जाता ह्या पोरीच्या वेण्या घालून द्यायची. तेव्हा पोरगी सात-आठ वर्षांची असेल. बाकी त्या दवाखान्यातलं तिला काही आठवत नाही, ती नर्स तेवढी आठवते. तेव्हापासून तिचं ठरलेलं. परीक्षेचा अभ्यास तिनं माझ्या ओसरीवर बसून केला. छत्री आली नसती तर ते व्हिडिओ तिला बघायलाच मिळाले नसते. बँकेच्या वेळात मी इंटरनेट वापरू द्यायची नाही, तर बँक बंद झाल्यावर ती यायची आणि भाकरीची वेळ होईपर्यंत कानात वायरी घालून बसायची. मी ओरडायची, डोळे जातील म्हणून. तिला ऐकूच यायचं नाही.

यादी लागली आणि सांगलीच्या कॉलेजात तिचं नाव आलं. सरकारी फी, राहायला होस्टेल, आणि काका त्याच गावात. माझ्या फोनवर तिचं नाव अख्ख्या वाडीनं बघितलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही बघितलं. आक्कांनी घरोघरी साखर वाटली. साखर देताना त्या एकच वाक्य म्हणत होत्या, फी तिच्या बापाच्या पेन्शनीतनं जानार. कुणी विचारलेलं नसताना म्हणत होत्या. भाऊजी गेल्यापासून त्या पेन्शनीला त्यांनी गरजेपलीकडं हात लावला नव्हता. ते पैसे कशासाठी होते हे त्या दिवशी मला कळलं.

जागा पक्की करायला थोडे दिवस दिलेले होते. कॉम्प्युटरवर होय म्हणायचं आणि फी भरायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. आणि त्याच दिवसांत आमच्याकडं पाऊस असा लागला की घाटात दरड येऊन रस्ता बंद झाला, खांब पडले आणि लाइट गेली. लाइट नाही म्हणजे छत्री नुसतं पत्र्यावरचं भांडं. बॅटरी पहिल्याच दिवशी उतरली. मी फोन घेऊन खिंडीत गेले, तर धुक्यात धोंडाच सापडेना. एवढ्या पावसात तिथल्या काडीचाही भरवसा नव्हता. पाटणला चालत उतरू म्हटलं तर ओढ्यानं वाट खाल्लेली.  पोरगी दिवसातून कितीदा तरी येऊन बटण दाबून बघायची, लाइट आली का.

शेवटच्या दिवशी सकाळी लाइट आली. छत्रीच्या डब्यावरचा दिवा आधी लाल झाला, मग हिरवा. मी देवाला हात जोडले, तेवढंच मला सुचलं. आक्का आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून. बँकेत जायचं म्हणजे नीट जायचं, मग ती बँक जावेच्या ओसरीवर का असेना. त्यांनी अंगठा टेकवला. पहिल्याच वेळी उठला. खात्यातली रक्कम दिसली आणि आक्का माझ्याकडं बघून हसल्या. पण अंगठ्यावर दिवसाला ठरलेले पैसेच निघतात, फी त्याहून पुष्कळ जास्त होती. एवढी रक्कम पाठवायची तर ओटीपी लागतो. मला हे माहीत होतं, आणि तरी मी बटण दाबलं, कारण दाबण्याशिवाय दुसरं काय करणार होते. नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं मशीननं दाखवलं. खाली नंबरचे शेवटचे आकडे. तो नंबर आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मी फौजीला व्हॉट्सॲप केलं. ओटीपी आलाय, लगेच पाठव. मेसेजच्या खाली एक टिक आली. एक टिक म्हणजे माझ्याकडून गेला, त्याच्याकडं पोचला नाही, हे आता आमच्या वाडीत लहान पोरालाही कळतं. आम्ही तिघी त्या एका टिककडं बघत बसलो. वेळ संपली, ओटीपी बाद झाला. मी दुसरा मागवला. परत मेसेज केला. परत एकच टिक. आक्कांनी विचारलं, अजून एकदा दाबून बघू का, कदाचित आज खाली उतरला असेल. मी त्यांच्या समाधानासाठी दाबत राहिले. माझं डोकं तापायला लागलं होतं, पण ते कुणावर तापवायचं हे समजत नव्हतं.

मग मला आमच्या ह्यांची आठवण झाली. व्हिडिओ कॉल लावला. हे गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, मागं हळदीची पोती रचलेली, चेहऱ्यावरसुद्धा पिवळी धूळ. सगळं ऐकून म्हणाले, त्यात काय, माझ्या खात्यात आहेत, मी भरतो, वैनींनी मग सावकाश द्यावेत. त्यांचं खातं सांगलीत उघडलेलं, नंबर त्यांचाच. आक्का आधी नको म्हणाल्या. त्यांना ती फी पेन्शनीतूनच जायला पाहिजे होती. मी चिडून म्हटलं की पैशाला कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. त्यांनी मान हलवली. ती मान हलवणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं, पण मला वाटलं, सुटलो.

पोरीनं माझ्या फोनवर कॉलेजच्या प्रवेशाचं पान उघडलं. तिचं नाव, सांगली, आणि खाली जागा स्वीकारा असं लिहिलेलं बटण. तिनं हात पुसून ते दाबलं. नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं खाली मान घातली. "दादाचाच नंबर हाय, काकी," ती म्हणाली. "कराडात फॉर्म भरताना दुकानवाला म्हनला, रेंजमदला नंबर सांग."

 कराडच्या दुकानातल्या त्या माणसानं बरोबर सांगितलं होतं, हिनं बरोबर नंबर दिला होता. फॉर्म भरला तेव्हा भाऊ छावणीत होता आणि पहिला ओटीपी त्यानं एका मिनिटात पाठवलाही होता. तिला ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडायला काही सापडलं नाही. मग मी मशीनला शिव्या दिल्या. उंब्रजच्या हायवेवर ऐकलेल्या, ट्रकवाल्यांच्या. आक्कांनी पहिल्यांदाच मला शिव्या देताना ऐकलं असेल.

हे गोदामाला कुलूप लावून, मालकाला सांगून, रिक्षा करून कॉलेजात गेले. जाताना कॉल चालूच ठेवला. रिक्षाचा हादरा, पुलावरून दिसलेली कृष्णेची गढूळ धार, कॉलेजचं फाटक, सगळं आम्हाला ओसरीवर बसून दिसत होतं. चित्र इतकं स्वच्छ की ऑफिसातल्या बाईंच्या टेबलावरचा शेंगदाण्याचा लाडूही मला दिसला. त्या बाई चांगल्या होत्या. ह्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, स्वतःचा पडदा फिरवून दाखवला. पोरीचं नाव तिथं होतं. पण ते बटण त्यांच्याकडून दाबता येत नाही, फक्त मुलीच्याच खात्यातून दाबता येतं, नंबर बदलायचा तर अर्ज करून दोन दिवस. त्यांनी फोनमध्ये वाकून आमच्या पोरीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बाळ, माझ्या हातात असतं तर मी आत्ता दाबलं असतं." पोरगी त्यांना होय मॅडम म्हणाली. त्या खोलीत आणि आमच्या ओसरीवर मिळून सगळी माणसं एकमेकांना दिसत होती, सगळ्यांच्या मनात एकच होतं, आणि कुणालाही काही करता येत नव्हतं.

एक रस्ता राहिला होता. हे फौजेतले, त्यांना माहीत होतं कुठं फोन लावायचा. कॉलेजच्या व्हरांड्यातून त्यांनी ओळखीनं ओळख काढत पलटणीपर्यंत फोन लावला आणि मग आम्हाला परत कॉल केला. मी विचारण्याआधीच त्यांच्या तोंडावर उत्तर दिसलं. पोस्ट लांब आहे. वायरलेसवरून घरगुती निरोप जात नाहीत. जातो तो एकच निरोप, घरात कुणी गेलं असेल तर. मग लगेच जातो, आणि माणसाला खालीही पाठवतात.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या सरळ झाल्या.

"मग सांगा त्येस्नी," त्या म्हणाल्या, "आई गेली म्हनून सांगा."

पोरीनं आई म्हणून त्यांचा हात धरला.  फोनमध्ये ह्यांच्या मागं कॉलेजातल्या मुली हसत जाताना ऐकू येत होत्या.

"वैनी," हे म्हणाले, "आसा निरोप आल्यावर पोरगं काय करतं, ते मी बगितलंय. बर्फात पाय कुटं पडतोय ते बगत न्हाई. तेवडं सोडून काय बी सांगा."

आक्कांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "व्हय. ऱ्हाऊ द्या. त्येला काय बी कळवायचं न्हाई."

आमच्याकडं एक रीत आहे. फौजेच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते, शिकवावी लागत नाही. ड्युटीवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. म्हैस मेली, भिंत पडली, बाप आजारी पडला, तरी फोनवर सगळं बरं आहे. भाऊजी असताना आक्कांनी एक बाळंतपण लपवलं होतं, जे नीट पार पडलं नव्हतं. ते भाऊजींना रजेवर आल्यावर कळलं. त्यामुळं आई गेली असं खोटं कळवायचं त्यांच्या तोंडून निघालं, तेव्हा मला कळलं की त्या कुठवर येऊन पोचल्या होत्या.

पाच वाजेपर्यंतची मुदत होती. शेवटपर्यंत आम्ही ओटीपी मागवत राहिलो. एकीकडं बँकेचा, एकीकडं कॉलेजचा. नंतर ते पान आपोआप बदललं, बटण होतं तिथं आता काहीच नव्हतं. आक्कांनी विचारलं काय म्हणतंय, मी म्हटलं वेळ संपली म्हणतंय. डब्यावरचा हिरवा दिवा छान चालू होता. मला एवढं हतबल आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नवरा सीमेवर असताना, लढाईच्या बातम्या येत असतानाही नाही. तेव्हा निदान काही करता येण्यासारखं आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी उठली, माझा फोन ओढणीला पुसून माझ्या हातात दिला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी ओसरीवर बसून रडले. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी चूल पेटवली आणि मला चहा करून दिला.

पुढच्या फेरीत सांगलीचं नाव आलं नाही. आलं ते कुठल्या तरी लांबच्या खासगी कॉलेजचं, त्याच्या फीचा आकडा वाचूनच आम्ही पान बंद केलं. रस्ता मोकळा झाल्यावर मी भावकीतल्या सगळ्या बायकांना घेऊन पाटणला गेले आणि प्रत्येकीचा नंबर बदलून आणला. आक्कांच्या खात्याला आता पोरीचा नंबर आहे. ती पाटणच्या कॉलेजात बी.ए.ला जाते. पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन म्हणते, पण संध्याकाळी वायरी कानात घालून बसायला अजून आलेली नाही. मी बोलवत नाही. काय तोंडानं बोलवू.

महिनाभरानं फौजी खाली उतरला. दुपारची वेळ होती, मी एका म्हातारीचा अंगठा घेत होते आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. चेहरा उन्हानं आणि बर्फानं काळा पडलेला, ओठ फुटलेले, पण हसत होता. मी म्हातारीला तशीच बसवून आक्कांना हाक मारली. पोरगीही कॉलेजातून नुकतीच आली होती. तिघी एका फोनपुढं बसलो.

तो म्हणाला, फोन चालू केला तर नुसता वाजतोच आहे, ओटीपीच ओटीपी, एका दिवसात एवढे, काय बँक विकत घेतली का. आणि मग त्याला काळजी वाटली असावी. "आई, काय अडलं न्हवतं न्हवं? सांगू का आकडं? लिवून घे." आणि त्यानं खरंच वाचायला सुरुवात केली. एक संपला की दुसरा, नीट, सावकाश, आईला लिहायला वेळ मिळावा म्हणून थांबत. आक्का मान हलवत होत्या, जणू घेतायत लिहून. मला ते ऐकवेना. मी म्हातारीच्या पासबुकाची पानं उलटत बसले.

"ऱ्हाऊ दे रं," शेवटी आक्का म्हणाल्या. "तुझ्या काकानं सांगलीच्या कालिजात जाऊन केलं समदं. कवाच झालं."

"म्हंजी नंबर लागला? सांगलीचा?"

आक्कांनी पोरीकडं बघितलं. मीही बघितलं. तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला, तोंडासमोर धरला आणि हसली. "लागला, दादा."

तो तिकडं एवढ्या जोरात ओरडला की त्याच्या मागं बसलेले दोघं-तिघं वळून बघायला लागले. त्यांना त्यानं हिंदीत सांगितलं, बहन नर्स बन रही है. ते पण हात वर करून हसले. मग त्यानं सांगितलं की कँटीनमध्ये नर्सचे पांढरे बूट मिळतात, चांगले, वर्षं टिकणारे, दिवाळीला येताना घेऊन येतो. तिचं माप पाहिजे. तिला बुटाचा नंबर माहीत नव्हता, वाडीत चपलाच घालतात. तो म्हणाला, कागदावर पाय ठेव, पेन्सिलीनं रेघ मार आणि फोटो पाठव.

तिनं वहीचा कागद फाडला, ओसरीवर ठेवला आणि उजवा पाय त्याच्यावर टेकवला. वाकून तिला कडेनं नीट रेघ मारता येईना, म्हणून आक्का खाली बसल्या. एका हातानं घोटा धरला आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल फिरवली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत आणि परत टाचेपर्यंत.  मी त्या कागदाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला.

लगेच गेला. दोन टिक आल्या, आणि बघता बघता निळ्या झाल्या.